ओम्नीचा उंबरा

मारुती ओम्नी गाडी रत्नागिरीकडची, खाऱ्या हवेत पावसाळे काढलेली. डाव्या दाराखालच्या उंबऱ्यावर रंग फुगला होता, फार तर रुपयाच्या नाण्याएवढा. मालकाच्या मुलाला काम शिकायचं होतं, म्हणून लोहचुंबक त्याच्याच हातात दिलं. वीतभर जागेत ते चिकटेचना. म्हणजे तिथे पत्रा नाही, नुसती पुट्टी.

स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर खपली सुटली आणि आतून वर्तमानपत्राचा ओला बोळा निघाला. आधी कुणीतरी भोकात कागद कोंबून वरून पुट्टी ओढली होती. पुट्टी पाणी पिते, कागद ते धरून ठेवतो, मग गंज निवांत आतून खातो. खालची पाणी निघायची भोकंही चिखलाने बुजलेली. ती आधी तारेने मोकळी केली.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, आतलं मॅटिंग उचललं, पाण्याची बादली जवळ ठेवली. मग कटिंग डिस्कने चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापलं. 22 बाय 9 सेंटिमीटर! पोराचं तोंडच उतरलं. पण गंजक्या कडेला वेल्डिंग धरत नाही. कड जळते नि भोक वाढत जातं.

पुठ्ठ्याचा नमुना 0.8 मिमी सीआर (साध्या, जस्त न चढवलेल्या) पत्र्यावर उतरवला, कोपरे गोल ठेवले, चहूकडे मिलिमीटरभर फट. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा नको. जस्ताचा धूर बाधतो आणि वेल्ड भुसभुशीत होतो.

मिग वेल्डिंग मशीनला 0.6 मिमीची तार. वेल्डिंगचा एक टाका इकडे, पुढचा समोरच्या कडेला, एकाच कडेवरच्या टाक्यांत अंतर तीनेक सेंटिमीटर. हात लावता येईल इतकं निवलं की मधले टाके. पोराने घाईत एक कड सलग ओढली. पत्रा दाबला की टक् करून आत, सोडला की बाहेर. वेल्ड निवताना आकसतो आणि पत्र्याला ओढून घेतो. दार असतं तर मागे डॉली (लोखंडी ठोकळा) धरून वेल्डवर हातोडी मारून ताणला असता. उंबरा म्हणजे बंद डबा, मागून हात जात नाही. ती कड कापून पुन्हा जोडली, अर्धा दिवस गेला.

पुढचं सोपं: 80 नंबरची फ्लॅप डिस्क (घासायची चकती) हलक्या हाताने, इपॉक्सी प्रायमर, 100 ग्रॅम पुट्टीला ती घट्ट करणारं 2 ग्रॅम हार्डनर, थर 2 मिमीच्या आत. रंग वाळल्यावर उंबऱ्यात पातळ मेण फवारलं, खालच्या भोकांतून टपकेपर्यंत. ते थिजायच्या आत पोराने ती भोकं तारेने पुन्हा मोकळी केली, मी न सांगता.