अलार्मवाल्याचं लायसन्स कोण बघतं?

नवरात्र जवळ आलं की इथे लंडनजवळच्या स्लाऊमध्ये आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲपवर गरब्याच्या तिकिटांसोबत आणखी एक निरोप फिरतो: सोनं सांभाळा. पोलिसांकडूनच येतो तो. आशियाई घरात पिढीजात दागिने असतात आणि दिवाळीला ते कपाटाबाहेर निघतात, हे चोरांनाही आता पाठ झालंय. मागच्या वर्षी आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून, मागच्या दाराने घर फोडलं. पाटल्या गेल्या, तोडे गेले, काकूंच्या सासूबाईंची ठुशी गेली. विम्याचे पैसे आले. ठुशीचं काय करणार?

आईचा पुण्याहून फोन. "अगं, सरळ बँकेच्या लॉकरमध्ये ठेव ना!" तिला कसं सांगू, की इथल्या बहुतेक मोठ्या बँकांनी लॉकर देणं कधीच बंद केलंय. खासगी तिजोऱ्या आहेत, पण त्यांचं नाव निघालं की हॅटन गार्डन आठवतं. २०१५ च्या ईस्टरच्या सुट्टीत म्हाताऱ्या चोरांच्या टोळीने लंडनच्या त्या सराफ बाजारातल्या तळघराची काँक्रीटची भिंत ड्रिलने फोडली. गंमत म्हणजे अलार्म वाजला होता. पोलिसांपर्यंत निरोपही गेला होता, फक्त त्या निरोपावर "जायची गरज नाही" असा शेरा पडला.

म्हणून घरालाच अलार्म लावायचं ठरलं. पहिला माणूस फेसबुकवरच्या जाहिरातीतून आला. दर निम्मा, बोलणं गोड. सगळ्या खोल्या फिरला, मागच्या दाराची कडी हलवून बघितली, वर बेडरूममध्ये गेला आणि सहज विचारावं तसं म्हणाला, "किमती वस्तू कुठे ठेवता? तिथेच सेन्सर लावू." मी विचारलं, तुमचं लायसन्स बघू. हसून म्हणाला, "गाडीचं आहे, चालेल?"

मला वाटलं, उडवाउडवी करतोय. रात्री शोधायला बसले तर माणूस खरंच बोलत होता!

इथे २००१ चा खासगी सुरक्षा उद्योगाचा कायदा आहे आणि तो राबवायला गृहखात्याच्या हाताखाली एसआयए नावाचं प्राधिकरण आहे. पबच्या दारावरचा बाउन्सर घ्या. आधी प्रशिक्षण, मग गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी, मग तीन वर्षांचा परवाना, आणि कामावर असताना तो दिसेल असा लावायचा. परवान्याशिवाय उभा राहिला तर गुन्हा. कंत्राटावर सार्वजनिक जागेचे कॅमेरे बघत बसणाऱ्यालाही परवाना लागतो. पण ते कॅमेरे बसवणाऱ्याला? नाही. अलार्मवाल्याला? नाही. कुलूपवाल्यालाही नाही. म्हणजे मला पबमध्ये शिरू न देणाऱ्याची सरकारने कसून चौकशी केलीय, आणि माझ्या घरात कुठल्या दाराला सेन्सर नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कोणी काही विचारलेलं नाही.

(आईला हे सांगितलं तर तिला कोण आनंद झाला, गोऱ्यांच्या देशातही असंच म्हणून. आपल्याकडेही २००५ चा कायदा आहे तो सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सींसाठी. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचण्याही लागू झाल्या. शिडी घेऊन येणारा पोऱ्या मात्र दोन्हीतून सुटला.)

मग इथे चालतं कसं? सरकारने पुढचं दार उघडं ठेवलं, पण मागच्या दारावर पोलीस आणि विमा कंपन्या बसल्या. घरातला अलार्म वाजल्यावर पोलिसांनी यावं असं वाटत असेल, तर त्या अलार्मला पोलिसांकडून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आणि तो क्रमांक मिळतो कुणाला? एनएसआय किंवा एसएसएआयबीसारख्या तपासणी संस्थांचं प्रमाणपत्र असलेल्या कंपनीने बसवलेल्या अलार्मलाच. या सरकारी संस्था नव्हेत, पण त्यांचे निरीक्षक कंपनीचं काम तपासतात, माणसं पारखून घेतली का तेही बघतात. घरफोडीच्या अलार्मच्या चार श्रेणी आहेत, घराला सहसा दुसरी. आमच्या विमा कंपनीने सोन्याचा आकडा ऐकताच पहिला प्रश्न हाच केला: बसवणारा प्रमाणित आहे का? कायद्याने सक्ती नाही, पण प्रमाणपत्र नसेल तर अलार्मवर पोलीसही येत नाहीत आणि सोन्याचा विमाही अवघड.

मला ही पद्धत अर्धीच पटते. ज्याच्याकडे सोनं आहे आणि विम्याचा हप्ता परवडतो, त्याच्या घरी पारखलेला माणूस येतो. बाकीच्यांच्या घरी जाहिरातीतला.

प्रमाणित कंपनीचा माणूस आला तेव्हा फरक दिसला. दारातच ओळखपत्र दाखवलं. दागिने कुठे असतात, हा प्रश्नच त्याने केला नाही. खिडक्या, दारं, मागची बाग बघून कागदावर लिहीत गेला. मी कोड टाकायला लागले तर पाठ फिरवून उभा राहिला. बिल पाहून मात्र नवऱ्याचा चेहरा उतरला. शिवाय दोन चावीदार नेमायचे होते, म्हणजे आपल्या घराची चावी जवळ असलेले आणि बोलावल्यावर वीस मिनिटांत पोचतील असे. एक शेजारच्या गुजराती मासी झाल्या, दुसरा नवऱ्याचा मित्र.

सगळं लागलं आणि पंधरा दिवसांत लेकाचा वाढदिवस झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉलिस हिलला महाराष्ट्र भवनात कार्यक्रमाला गेलो. तिथे नाट्यगीत रंगात आलेलं आणि फोन वाजला. पोलीस आमच्या घराच्या दारात होते.

एका सेन्सरने हालचाल टिपली तर अलार्मवर लक्ष ठेवणारं केंद्र पोलिसांना कळवत नाही, दुसऱ्यानेही टिपावी लागते. आमचा वाढदिवसाचा हेलियमचा फुगा, डायनोसॉर, अर्धवट उतरून हॉलमधून निघाला आणि हीटरच्या झुळुकीवर हलत-डुलत जेवणाच्या खोलीत पोचला. दोन सेन्सर, रीतसर खात्री झालेला चोर. मासींनी दार उघडलं, दोन हवालदारांनी घर धुंडाळलं आणि डायनोसॉर पकडला.

बारा महिन्यांत असे तीन खोटे बोलावणे झाले की पोलीस यायचं थांबवतात. आमचा एक झालाय. यंदा फुगे साधेच आणलेत, तोंडाने फुगवायचे, आणि सध्या नवरा सोफ्यावर बसून तेच करतोय.