तुम्ही विचारलंत म्हणून: विंगर किती वर्षं खेळतो?

नेरूळच्या टर्फवर संध्याकाळचा फुटबॉलचा सराव संपला की जाळीबाहेर उभ्या पालकांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, आमचा पोरगा वाऱ्यासारखा पळतो, विंगरच होणार म्हणतो. पण पाय थकले की पुढे काय?"

प्रश्न रास्त आहे. विंगर म्हणजे मैदानाच्या कडेने धावत आक्रमण करणारा खेळाडू; त्याचं पोट वेगावर चालतं आणि शरीरातून सगळ्यात आधी वेगच ओसरतो. मांडीमागचा हॅमस्ट्रिंग हा त्याचा कच्चा दुवा. पूर्ण वेगात पाय पुढे फेकला जातो, तेव्हा त्याला आवरायचं काम हा स्नायू ताणलेल्या अवस्थेत करतो आणि बहुतेक वेळा तिथेच फाटतो. माझा चोविसाव्या वर्षी फाटला. दहाव्या दिवशी क्लबने मला पुन्हा उतरवलं, आठवड्यात तो परत फाटला. त्यानंतर पहिली पाच पावलं कधीच तशी पडली नाहीत. ती घाई मी आजही माफ केलेली नाही. म्हणून माझ्याकडे प्रत्येक पोर आठवड्यातून दोनदा नॉर्डिक करतं: गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. पोरांना कंटाळा येतो. येऊ दे.

पण वेग गेला म्हणजे खेळ संपला, असं नाही. स्पेनच्या हेसूस नावासचं उदाहरण मी दर वेळी देते. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तो बदली विंगर म्हणून उतरला आणि ११६ व्या मिनिटाच्या विजयी गोलची सुरुवात त्याच्याच उजव्या कडेच्या धावेतून झाली. पुढे तो त्याच कडेला मागे सरकून राईट-बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचाववाला, झाला. २०२४ च्या युरो उपांत्य फेरीत अडतीस वर्षांचा हा माणूस फ्रान्सच्या वेगवान एम्बापेसमोर उभा होता! बॉल पायाशी असताना विंगर काय करू पाहतो, हे त्याने अनेक वर्षं स्वतः करून पाहिलेलं होतं. विंगर रायन गिग्ज मधल्या फळीत आला, योगासनं करू लागला आणि मॅंचेस्टर युनायटेडसाठी ९६३ सामने खेळून चाळिशीत थांबला. मीही लेफ्ट-बॅक होऊन चार वर्षं जास्त खेळले, आणि ती वर्षं मला अधिक प्रिय आहेत.

तेव्हा उत्तर असं, की नुसता पळणारा विंगर तिशीच्या आसपास अडतो. बचाववाला कोणत्या पायावर भार देतोय हे वाचणारा, ऐन धावेत थबकून त्याला पुढे जाऊ देणारा, दोन्ही पायांनी क्रॉस (कडेवरून गोलसमोर बॉल) टाकणारा बराच पुढे जातो. हे सगळं बारा-तेराव्या वर्षीच अंगात मुरवावं लागतं. दुखापतीनंतर शिकताना मला फार जड गेलं.

तुमच्या मुलाला परवा अर्धा तास राईट-बॅक खेळवलं म्हणून तो रुसलाय, हे मला ठाऊक आहे. गुरुवारी पुन्हा तिथेच खेळवणार आहे, समोर आमच्यातली सगळ्यात चपळ मुलगी असेल. तुम्ही जरूर बघायला या.