कुंडीतला वाफसा

"कशाचं पान हाय रं ते?" आबांनी विचारलं.

"अंबाडी," मी म्हणालो. "इथं भाजी चांगली मिळत नाही ना."

पान नीट दिसावं म्हणून फोन इतका जवळ धरला होता की माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता. बरंच झालं. जानेवारी २०२३, कॅनडातल्या किचनरमध्ये रात्रीचे नऊ, बाहेर उणे १८. तिकडं तासगावात सकाळचे साडेसात. आबा सोप्यात चहा पीत बसले होते आणि मागं कुणाच्या तरी बागेत फवारणीचा ब्लोअर घुमत होता.

"अंबाडीच्या देठाला बारीक काटं असत्यात," आबा म्हणाले. "आन् मी काय काल जन्माला आलोय?" मग आवाज खाली आणून, "तुज्या आईला सांगू नगंस. पर झाडाला पाणी लई झालंय."

आमच्या भागात गांजाचं नाव काढलं की डोळ्यांपुढं उसाच्या फडात मधेच लपवलेल्या दोन सऱ्या आणि बांधावर उभी पोलिसांची जीप येते. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यानं गांजाचं झाड लावणं गुन्हा आहे, तिथं कुणी माझं वाचून हा उद्योग करू नये. इथं कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून परवानगी आहे, पण घरटी चार झाडं. माणशी नव्हे, घरटी. क्वेबेकमध्ये तेवढीही नाहीत. भाड्याच्या घरात राहणाऱ्यानं आधी भाडेकरार वाचावा. आबांना हे पटवायला तीन कॉल लागले. "सरकारच लाव म्हणतंय व्हय? मग कर्जमाफी पण करत आसंल."

का लावलं, तर खरं कारण सांगतो. द्राक्षबागेत वाढलो आणि पुढची पंधरा वर्षं कीबोर्ड बडवण्यात गेली. ओढायचं म्हणाल तर शनिवारी संध्याकाळी, मागच्या डेकवर, थोडंसं. बायको त्याही वाटेला जात नाही. तिच्या अटी दोन. बेसमेंटच्या त्या खोलीला कुलूप आणि किल्ली तिच्याकडे. मुलगी नऊ वर्षांची आहे, त्यामुळे यावर चर्चा नाही. पाणी घालायला जायचं तरी मला किल्ली मागावी लागते, आणि बायकोच्या मते माझी झाडं जगली ती त्यामुळंच.

तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. पहिल्या खेपेला मी रोज पाणी घालत होतो. ११ लिटरच्या कुंडीत वीतभर रोप आणि सकाळी ऑफिसचा पहिला कॉल सुरू व्हायच्या आधी मगभर पाणी. पानं खाली लोंबायला लागली. मला वाटलं तहानलीत, म्हणून अजून मगभर. पाणी कमी पडलेलं पान कागदासारखं हलकं होऊन लोंबतं, आणि जास्त झालेलं पान फुगीर, जड, टोकाला खाली वळून लोंबतं. हा फरक आता मला लांबून कळतो. तेव्हा आबांना आठ हजार मैलांवरून कळला.

"वाफसा बघितलास का?" त्यांनी विचारलं.

वाफसा हा शब्द मी वीस वर्षांत ऐकला नव्हता. मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी जी स्थिती असते ती. मुळीला पाणी प्यायचं असतं तसा श्वासही घ्यायचा असतो. सगळी पोकळी पाण्यानं भरली की मुळी गुदमरते आणि पाण्यात उभी राहून झाड तहानेनं मरतं. आबा रानात मूठभर माती घेऊन लाडू वळायचे आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचे. लाडू फुटला की वाफसा आला, चेपला की अजून थांब. कुंडीत पीटचं, म्हणजे कुजलेल्या शेवाळाचं हलकं मिश्रण असतं, त्याचा लाडू वळण्यात अर्थ नाही. मी त्याऐवजी कुंडी उचलतो. भरपेट पाणी दिल्यावर किती जड लागते हे हातानं लक्षात ठेवायचं आणि ती जवळजवळ रिकामी वाटेल एवढी हलकी झाली की मगच पुन्हा द्यायचं. द्यायचं तेव्हा मात्र हात आखडता घ्यायचा नाही. तळातून पाणी निघेपर्यंत सावकाश, दोन-तीन हप्त्यांत, आणि बशीत साचलेलं लगेच ओतून टाकायचं. लहान रोपाला असं पाणी चार-पाच दिवसांनी लागतं, फुलावर आलेल्या मोठ्या झाडाला एक-दोन दिवसांनी. कॅलेंडर लावून चालत नाही. हे एवढं पाळल्यावर माझी निम्मी दुखणी गेली.

उरलेल्या निम्म्याचं कारण नळात होतं. पानांच्या कडा करपत होत्या, खालच्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. मी खतं बदलली, दिवा वर घेतला, काही उपयोग नाही. किचनर-वॉटर्लू भागातलं पाणी बहुतेक जमिनीखालचं आणि भयंकर जड, म्हणून इथं घरोघरी सॉफ्टनर असतो आणि दर महिन्याला आपण त्यात मिठाच्या पिशव्या ओततो. तो पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. भांडी चकचकीत होतात, झाडं मरतात. मी स्वतः खांद्यावरून मिठाची पोती उतरवत होतो आणि माझ्या हे डोक्यात आलं नाही. आबांना सांगितल्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आरं, कृष्णाकाठची रानं पाण्यानं चोपण झाली, त्याला पन्नास वर्सं गेली. तू कुंडीतच चोपण केलंस!" चोपण म्हणजे सोडियमनं बिघडलेली, पाणी न मुरणारी जमीन. आता मी सॉफ्टनरच्या आधी फुटणाऱ्या नळाचं पाणी घेतो. ते जड असतं, पण झाडाला चालतं, फक्त सामू (पीएच) साडेसहाच्या आसपास आणून द्यावा लागतो.

चिलटं त्याच पहिल्या खेपेची. बारीक काळी, संध्याकाळी लॅपटॉपच्या पडद्यावर येऊन बसणारी. मिटिंगमध्ये मी हात हलवायचो आणि समोरच्यांना वाटायचं मला काही बोलायचंय. ही सतत ओल्या असलेल्या मातीच्या वरच्या बोटभर थरात अंडी घालतात, आणि अळ्या बुरशी संपली की कोवळ्या मुळ्यांवर येतात. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी उलटून पाहिली. खालच्या बाजूला काळ्या डोक्याच्या काचेसारख्या अळ्या वळवळत होत्या. पिवळे चिकट सापळे लावले, पण त्यानं उडणारी चिलटं मरतात, अळ्या नाहीत. माती वरून कोरडी पडू दिली आणि पाण्यातून सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंत सोडले, स्टाइनरनेमा फेल्टिए नावाचे, जे या अळ्यांच्या शरीरात शिरून त्यांना मारतात. तीन आठवड्यांत सापळे कोरे राहायला लागले. आबांना मात्र हे अजून पचलेलं नाही. ज्या माणसानं सूत्रकृमींपायी डाळिंबाची बाग काढून टाकली, त्याचा मुलगा परदेशात पैसे मोजून सूत्रकृमी विकत घेतो! मुळांत गाठी करणारे ते वेगळे, हे वेगळे, हे मी समजावून सांगितलं. "सगळ्या चोरांची आडनावं येगळीच असत्यात," हे त्यांचं उत्तर.

पुढच्या हिवाळ्यात लाल कोळी आला, आणि तो तुळशीवरून आला. उन्हाळाभर डेकवर असलेली तुळस बायको ऑक्टोबरात आत आणते, तिच्याबरोबर पानांमागचे पाहुणेही आत येतात. हिवाळ्यात घर तापवणारा फर्नेस रात्रंदिवस चालतो, घरातली हवा पापडासारखी कोरडी होते, आणि कोळ्याला उबदार कोरडी हवाच लागते. २७-२८ अंशांना त्याची एक पिढी आठवडा-दहा दिवसांत पुरी होते. पानावर वरून सुईनं टोचल्यासारखे पांढुरके ठिपके दिसले, भिंगानं खालची बाजू पाहिली तर वस्ती. जाळी दिसेपर्यंत थांबलो असतो तर फार उशीर झाला असता.

तुळस टाकून देता येत नाही. तो प्रश्नच नव्हता. म्हणून आधी तिला बाथरूममध्ये नेऊन एकेक पान मागून धुतलं, मग खोलीत झाडांसाठी उभारलेल्या कापडी तंबूतल्या झाडांची पानं. दर तीन दिवसांनी, दोन आठवडे. फुलं धरायच्या आधीच साबणाच्या द्रावणाची फवारणी उरकून घेतली. फुलावर एकदा कळ्या चिकट झाल्या की त्यांच्यावर काहीच मारायचं नाही, कारण ते धुऊन निघत नाही. मला वाटलं होतं कडुलिंबाचं तेल आणावं, आपलं घरचं औषध. तर इथं तेव्हा ते कीडनाशक म्हणून नोंदलेलंच नव्हतं, पानं चमकवायचं तेल म्हणून दुकानात मिळायचं. शेवटी कुरिअरनं भक्षक कोळी मागवले. लेमिंग्टनला टोमॅटो-काकडीच्या काचघरांचा प्रचंड पसारा आहे, त्यामुळे आमच्या ऑन्टारिओ प्रांतात मित्रकिडी मागवणं पिझ्झा मागवण्याइतकं सोपं. बाटलीत भुशासारखं काहीतरी आणि त्यात नारिंगी ठिपके पळताना दिसतात. ते लाल कोळ्याशिवाय काही खात नाहीत, कोळी संपले की उपाशी मरतात. तुळशीवरही चिमूटभर सोडले. बायकोनं त्या दिवशी तुळशीला हळदकुंकू वाहिलं नाही, कोळ्यांना त्रास होईल म्हणून.

एका कोपऱ्यातल्या पानावर पिठासारखा पांढरा डाग दिसला तेव्हा मात्र मी स्वतःच ओळखलं. भुरी. द्राक्षवाल्याच्या पोराला भुरी दाखवावी लागत नाही. आबांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, मायक्लोब्युटॅनिल मार, म्हणजे भुरीवरचं बुरशीनाशक. द्राक्षाला ते चालतं, काढणीआधी ठरलेले दिवस थांबलं की झालं. पण द्राक्ष आपण जाळत नाही. मायक्लोब्युटॅनिल तापलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड निघतो. कॅनडात २०१६-१७ च्या सुमारास याच औषधाचे अंश सापडले म्हणून वैद्यकीय वापराचा माल बाजारातून परत मागवावा लागला होता. हे मी सांगितलं तेव्हा आबा पहिल्यांदाच थट्टा न करता गप्प झाले. २०१० साली युरोपानं क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं अडवली, ती साल आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. "मग पान तोड आन् वारं खेळतं ठेव," ते म्हणाले. तेच केलं. मधली पानं विरळ केली, पंखा झाडांच्या खालून फिरेल असा लावला. द्राक्षातही तेच करतो, कॅनॉपी मोकळी. आपण ओतलेलं पाणी शेवटी पानांतून वाफ होऊन त्याच तंबूत येतं, त्यामुळे पाणी देतो तितकं बाहेर काढायचीही सोय हवी. फुलावर असताना आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर गेली की मला झोप लागत नाही. घट्ट कळीच्या पोटात करडी बुरशी धरते ती बाहेरून दिसत नाही, दिसते तेव्हा कळी गेलेली असते.

राहिला वास. पहिल्या दोन खेपा हिवाळ्यातल्या होत्या, पाहुणे नव्हते, खिडक्या बंद, आणि झाडं इतकी मरतुकडी की वासही बेताचाच. २०२४ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा झाडं चांगली आली. ऑगस्टच्या दहा तारखेला दिवा बारा तासांवर आणला, म्हणजे झाडं फुलावर येतात, आणि गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला. हिशोब करायला हवा होता. चौथा आठवडा म्हणजे वास पिकायला लागायचा काळ.

या वासात आपल्या ओळखीचं बरंच असतं. मर्सीन आंब्यातही असतं, लिमोनीन लिंबाच्या सालीत, कॅरिओफायलीन मिरीत. तेवढंच असतं तर कुणी तक्रार केली नसती. पण त्यावर एक गंधकाचं संयुग असतं, उन्हात राहिलेल्या बिअरला जो घाण वास येतो तेच, आणि ते नाकाला अतिसूक्ष्म प्रमाणातही कळतं. त्याला इथले लोक स्कंकचा वास म्हणतात. स्कंक हा इथला काळा-पांढरा प्राणी, मांजराएवढा, घाबरला की शेपटीखालून फवारा मारणारा.

कोळशाचा फिल्टर माझ्याकडे होता. नारळाच्या करवंटीच्या कोळशाचा, तंबूत वर टांगलेला, पंखा त्यातून हवा ओढून बाहेर सोडणार. चूक अशी की पाणी जास्त झालं, आर्द्रता वाढली, म्हणून मी पंखा पूर्ण वेगात सोडला. हवा इतक्या जोरात गेली की कोळशाला वास धरायला वेळच मिळेना, आणि दमट हवेत कोळसा पाणीच धरून बसतो. वर तंबूची एक चेन अर्धी उघडी. तंबूच्या भिंती आत ओढल्या गेलेल्या दिसल्या पाहिजेत, म्हणजे हवा फक्त आत शिरते आणि फिल्टरमधूनच बाहेर पडते. माझ्या भिंती सरळ उभ्या होत्या, मी पाहिलं नाही. आणि सगळ्यात मोठं, त्या खोलीत फर्नेसची हवा परत ओढणारी जाळी होती. एसीही तीच हवा फिरवतो, आणि तो सुरू होता. बेसमेंटमधली हवा अर्ध्या मिनिटात सगळ्या घरभर.

मंडळातली वीस माणसं. आरती चालू. "सुखकर्ता दुःखहर्ता"च्या दुसऱ्या कडव्याला मला पहिला झोत आला. कापूर, उदबत्ती, मोदकांची वाफ आणि त्याखालून हे. बायकोनं टाळ वाजवता वाजवता माझ्याकडं असं पाहिलं की मी घंटा वाजवायचा थांबलो. आरती संपल्यावर कोपऱ्यातल्या एका काकूंनी नाक उडवलं. "अगं, तुमच्या डेकखाली स्कंक शिरलाय वाटतं!"

"हो ना काकू," बायको म्हणाली. "गेले आठवडाभर त्रास देतोय."

रात्री जाळीवर प्लास्टिक चिकटवलं, चेन लावली, नवा फिल्टर आणला, पंखा निम्म्यावर, आणि आर्द्रतेसाठी वेगळं यंत्र. दोन दिवसांत वर काही येईनासं झालं. काकू मात्र तेव्हापासून रोज व्हॉट्सॲपवर उपाय पाठवत होत्या. अमोनियात भिजवलेली फडकी ठेवा, रेडिओ लावून ठेवा, रात्रभर दिवा चालू ठेवा. दसऱ्याला भेटल्या तेव्हा त्यांनी सोनं हातात देता देता विचारलं, "गेला का हो तो?"

"अजून आठवडाभर आहे काकू," मी म्हणालो.