24,000 किलोमीटर आणि 9,200 युनिट

जुनी गाडी घेण्याआधी ती तपासून देणं हा माझा धंदा. विजेच्या गाड्या यायला लागल्या तसा टॉर्चच्या जोडीला गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा स्कॅनर पिशवीत आला. त्या दिवशीची गाडी तीन वर्षांची, बॅटरी 60 किलोवॅट-तासांची, म्हणजे 60 युनिटची, मीटरवर 24,000 किलोमीटर. घेणाऱ्या ताई तिच्या प्रेमातच पडल्या होत्या. असं गिऱ्हाईक सोबत असलं की मी जरा जास्तच खडूस होतो.

कागद चोख होते. स्कॅनरवर बॅटरीची तब्येत 100 टक्के. या आकड्यावर मी भाळत नाही. उत्पादक बॅटरीचा थोडा हिस्सा राखून ठेवतात, त्यामुळे काही गाड्या बराच काळ शंभरच दाखवत राहतात. पुढच्या ओळी वाचत गेलो आणि एकीवर थबकलो. बॅटरीतून आजवर बाहेर पडलेली एकूण वीज: 9,200 युनिट.

हिशेब तोंडी होता. अशी गाडी 100 किलोमीटरला साधारण 16 युनिट खाते. ब्रेक दाबल्यावर परत मिळालेली वीज पुन्हा वापरली जाते, म्हणून बाहेर पडलेला आकडा मोठा दिसतो. सढळ हाताने 20 धरले तरी 24,000 किलोमीटरला 4,800. उरलेले 4,400 युनिट गेले कुठे? उलटं मोजलं तर गाडी 46,000 किलोमीटर धावलेली निघत होती.

मीटर मागे केलाय, असं मी मनात लिहूनही टाकलं. विकणारे काका शेजारीच उभे होते, शांत. मला त्या शांतपणाचाच राग आला.

मग पुरावे शोधायला बसलो, तर एकही सापडेना. टायरवरचा आठवडा-वर्षाचा आकडा गाडीच्या जन्माशी जुळत होता, म्हणजे टायर मूळचे, आणि नक्षी भरपूर शिल्लक. एवढ्या जड गाडीचे टायर 46,000 नंतर असे राहत नाहीत. पेडलच्या रबरावरच्या रेघा उठून दिसत होत्या. सर्व्हिसच्या नोंदींत किलोमीटर क्रमाने चढत गेलेले. मागच्या सीटची रुळं बघायला वाकलो तेव्हा बोटाला पिवळसर भुसा लागला. बारीक, लाकडाचा. आणि सीटखालच्या सॉकेटचं झाकण वापरून वापरून सैल झालेलं.

"काका, या सॉकेटवर काय चालवता?"

"मुलगा सुतारकाम करतो. जिथे वीज नसते तिथे गाडी उभी करून करवत, रंधा, भुसा ओढायचं मशीन... सगळं यावरच. का? चालत नाही का?"

दीड किलोवॅटचा भार धरला तर 4,400 युनिट म्हणजे जवळजवळ 2,900 तास. तीन वर्षांत रोजचे अडीच-तीन तास. जुळलं. गाडी जागेवर उभी, मीटर गप्प, बॅटरी मात्र कामावर! काकांनी हे लपवलं नव्हतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीही आधी विचारलं नव्हतं, हे कबूल करतो.

आता बॅटरी किती झिजली, एवढंच बघायचं उरलं. 9,200 ला 60 ने भागलं तर बॅटरी पूर्ण भरून रिकामी होण्याच्या दीडशेच्या आसपास फेऱ्या. तसं फार नाही. चार्ज 20 टक्क्यांवर आणून जोरात पळवली, कारण अशक्त सेल तिथेच मान टाकतो. सगळ्या सेलमधला फरक 0.02 व्होल्टच्या पुढे गेला नाही. मग 20 ते 80 पर्यंत चार्ज करून बॅटरीत खरोखर गेलेली वीज मोजली. 36 च्या जागी 34 युनिट, म्हणजे 94 टक्के. शंभर नाही, पण तीन वर्षांच्या मानाने ठीकच.

ताईंना मी सांगितलं, भाव 24,000 च्या गाडीचा देऊ नका, 46,000 ची समजून बोला. आणि वॉरंटीच्या पुस्तिकेत अशा वापराबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. त्यांनी तिथेच उभ्याउभ्या वाचलं. काका भावात उतरले, फारसं न कुरकुरता.

निघताना त्यांनी सॉकेटला लावायची वायरही देऊ केली. तिची पिन तापून काळवंडली होती. ती तेवढी मी घेऊ दिली नाही.