शंकूची वही: दक्षिणेला पडलेली मध्यरात्रीची सावली

गाव यवतमाळपासून दहा-बारा किलोमीटरवर. अक्षांश २०.४ धरा. शंकू म्हणजे सावली मोजायला रोवलेला जीआय पाइपचा बरोबर एक मीटरचा तुकडा, ओळंबा लावून सिमेंटात उभा केलेला. पहिला शंकू शेजारच्या बकरीनं वाकवला होता आणि मला ते तीन आठवडे कळलंच नाही. त्या तीन आठवड्यांच्या नोंदी फाडून टाकल्या. उत्तर-दक्षिण रेषा जुन्याच रीतीनं काढली: शंकूभोवती वर्तुळ काढायचं, सकाळ-दुपारी सावलीचं टोक जिथं ते ओलांडतं त्या दोन खुणा जोडायच्या, आणि त्या रेषेला मधोमध लंब टाकायचा. होकायंत्राच्या भानगडीत पडलो नाही.

सूर्याचं वर्ष आता पूर्ण झालं. गेल्या २१ डिसेंबरला माध्यान्हीची सावली उत्तरेला ९६ सेंटीमीटर, २० मार्चला ३७. मे संपता संपता ती पायथ्याशी येऊन गेली आणि नंतर दक्षिणेला वळली. २१ जूनला आभाळ गच्च होतं, २३ ला दहा मिनिटांची उघडीप मिळाली: दक्षिणेला पाच सेंटीमीटर. सूर्याची आपल्या गावातली दक्षिण-सावलीची मजल एवढीच. सूर्य डोक्यावरून किती ढळला तो कोन काढला: ९६ चा ४३.८ अंश, पाचाचा ३. बेरीज करून निम्मे केले की २३.४, पृथ्वीच्या आसाचा कल. अंगणातल्या पाइपातून हा आकडा निघाला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मला लिहायचंय ते चंद्राचं.

मागल्या वर्षी मार्गशीर्षात शेतीच्या विजेची लाईन रात्रीची होती. हरभऱ्याला पाणी द्यायला गेलो होतो. चंद्र अगदी डोक्यावर, आणि विहिरीजवळच्या खांबाची बारीकशी सावली विहिरीकडे, म्हणजे दक्षिणेला. आधी वाटलं, झोपेत दिशा चुकतोय. जूनचा सूर्य जे जेमतेम करतो ते हा थंडीतला चंद्र कसं करतो? तेव्हा टेप नव्हता. वर्षभर थांबलो.

४ डिसेंबर २०२५, दत्तजयंती. फरशीला चुना मारून ठेवला, कारण चांदण्यातली सावली काळ्या फरशीवर दिसतच नाही. साडेअकराला टोक नैर्ऋत्येला, सोळा सेंटीमीटर. बाराच्या जरा आधी रेषेवर आलं: दक्षिणेला बारा सेंटीमीटर. साडेबाराला ते आग्नेयेला गेलेलं. तासाभरात सावली जवळजवळ काटकोन फिरली. चंद्र खमध्याजवळून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूजवळून, जातो तेव्हा असं होतं, बघायला मजा येते. टोक मात्र सेंटीमीटरभर धूसर असतं, त्यामुळे मिलिमीटरचा हट्ट सोडा.

जागलीला निघालेले काका फाटकाशी थबकले. ‘काय मोजू राह्यला बे इतक्या रात्री?’

‘चंद्राची सावली, काका. दक्षिणेला पडू राह्यली.’

‘मंग? पडू दे ना तिला.’

कारण असं. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला, म्हणून पूर्ण चंद्र उत्तरेला. त्यानं चंद्र आकाशातल्या विषुववृत्ताच्या उत्तरेला २३ अंशांच्या आसपास पोचतो; या अंतराला क्रांती म्हणतात. पण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला आणखी पाच अंशांनी कललेली आहे, आणि ती जिथं छेदते ते राहू-केतू १८.६ वर्षांत एक फेरी मारतात. सध्या राहू अशा जागी आहे की दोन्ही कल एकमेकांत मिळतात. बारा सेंटीमीटरवरून चंद्र खमध्याच्या सुमारे ७ अंश उत्तरेला निघतो, त्यात अक्षांश मिळवला की क्रांती २७ च्या वर.

उलटी बाजू जूनमध्ये पाहिली होती. वटपौर्णिमेला, १० जूनच्या मध्यरात्री, उत्तरेला ११४ सेंटीमीटर. सूर्याची माध्यान्हीची सावली वर्षभरात एवढी लांब कधी होत नाही.

वहीची पानं उलटताना आणखी एक गोष्ट सापडली. ७ सप्टेंबरचं खग्रास चंद्रग्रहण आमच्याकडे ढगांनी खाल्लं, पान कोरंच आहे. पण ग्रहण झालं याचा अर्थ भाद्रपदातली पौर्णिमा राहूजवळच घडली. तिथून तीन पौर्णिमा पुढे, म्हणजे पाव फेरी पुढे, चंद्र छेदबिंदूपासून सगळ्यात दूर, म्हणून ग्रहण नाही. तीच ही मार्गशीर्षाची पौर्णिमा. दर पौर्णिमेला ग्रहण का नाही, या पोरांच्या प्रश्नाला मी आजवर चेंडू-दिव्यानं उत्तर देत होतो. आता चुन्यावरची बारा सेंटीमीटरची खूण दाखवीन.

हे फार काळ टिकणार नाही. २०३४ च्या सुमारास चंद्र १८.५ अंशांपलीकडे जाणारच नाही, मग आपल्या डोक्यावर तो वर्षातून एकदाही यायचा नाही. पुन्हा असा योग २०४३ च्या आसपास.

पुढची नोंद पौष पौर्णिमेची, ३ जानेवारी २०२६. माझ्या अंदाजानं सावली दहा सेंटीमीटरच्या आसपास असावी. अकोला, वाशीम, चंद्रपूरकडे कुणी शंकू रोवला असेल तर त्याच रात्री मोजा. अक्षांश जितका जास्त, तितकी ही दक्षिण-सावली आखूड यायला हवी. आणि शंकूभोवती बकरीसाठी काटे रचून ठेवा.