गेटची जाळी आणि न उघडणारी फाईल

कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं, शिकायचं तर कमांडा पाठ करत बसू नका, एखादी वस्तू ठरवा आणि ती बनवून घ्या, असं माझं ठाम मत झालंय. मी घराच्या गेटसाठी 3 मिलिमीटर पत्र्याची वेलबुट्टीची जाळी काढली. आईच्या रांगोळीच्या वहीतल्या पानाचा फोटो ऑटोकॅड या कॅड सॉफ्टवेअरमध्ये घेतला, त्यावरून स्प्लाइनने, म्हणजे हवी तशी वळणाऱ्या रेषेने, वेल फिरवली, उरलेली अर्धी बाजू मिररने, म्हणजे आरशातल्यासारखी उलटी कॉपी करून. मजेत झालं सगळं.

अडलं ते नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेझर कटिंगवाल्याकडे. फाईल पाठवली की उत्तर ठरलेलं: "भाऊ, ओपन नाही होऊन राहिली." तुमच्याकडे सॉफ्टवेअर कोणतं, असं विचारलं की, "नॉर्मल पाठवा ना." आता नॉर्मल म्हणजे काय? डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची स्वतःची फाईल) पाठवली, डीएक्सएफ (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी) पाठवली, नाव बदलून पाठवली. तेच. शेवटी मेट्रोने लोकमान्य नगर, पुढे ऑटो, आणि थेट त्यांच्या कॉम्प्युटरपाशी जाऊन उभा राहिलो. आधी जेवणाची सुट्टी. मग ऑपरेटर फोनवर. मग उलगडा झाला: मशीनचं सॉफ्टवेअर जुनं, त्याला आर12 डीएक्सएफच लागते. म्हणजे 1992 सालच्या ऑटोकॅडचा फॉरमॅट! एवढं एक वाक्य फोनवर सांगायला काय जात होतं?

'सेव्ह ॲज'च्या यादीत अगदी खाली तो पर्याय असतो. पण आर12 मध्ये स्प्लाइन हा प्रकारच नाही. तिचे बारीक सरळ तुकडे पडतात आणि वेल कोपरेदार दिसते. म्हणून सगळी वेल आर्कने, म्हणजे वर्तुळाचे तुकडे जोडून, पुन्हा काढली. आर्क आर12 मध्ये जशीच्या तशी राहते.

पाठवण्याआधी ओव्हरकिल कमांड चालवा, ती एकावर एक आलेल्या जादा रेषा काढून टाकते. रेषेवर रेषा राहिली तर मशीन तिथून दोनदा जातं, आणि कटिंगचे पैसे लांबीवर असतात. युनिट मिलिमीटर आहे ना, तेही बघा. इंचाचा घोळ झाला तर माप 25.4 पट चुकतं. आणि हो, हे खरं तर आधीच सांगायचं: फुलाच्या आतला गोल कुठेतरी जोडलेला ठेवा, नाहीतर कापल्यावर तो खाली पडेल.

क्षेत्रफळ काढणाऱ्या एरिया कमांडचा मला फार उपयोग झाला. 3 मिलिमीटर लोखंडी पत्रा चौरस मीटरला साधारण साडेतेवीस किलो भरतो. त्यावरून जाळीचं वजन निघालं, आणि फॅब्रिकेटरने बिजागऱ्या त्या हिशेबाने लावल्या.

शेजारच्या काकांनाही आता तशीच जाळी हवी आहे. फाईल देतो म्हटलं, पण कटिंगवाल्याशी त्यांनीच बोलायचं.