डिझाइन शिकायला दोन वर्षं कशाला?

लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, परवा तर भाजीच्या गाडीपाशी. प्रश्न एकच असतो: ‘मुलीला यूएक्स करायचंय म्हणते. यूट्यूबवर सगळं फुकट आहे, चार महिन्यांचे ऑनलाइन कोर्स आहेत. मग तू दोन वर्षं कॉलेजात काय शिकलीस?’ विचारणारी आई काळजीने विचारत असते, फीचा आकडा तिच्या डोळ्यांसमोर असतो. अशा प्रश्नाचं उत्तर लिफ्टच्या चार मजल्यांत उरकणं मला पटत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहिते.

यूएक्स म्हणजे युजर एक्स्पीरियन्स, वस्तू किंवा सेवा वापरताना माणसाला येणारा अनुभव. डॉन नॉर्मन १९९३ मध्ये ॲपलमध्ये गेले, त्यांनी आपल्या हुद्द्यातच हे शब्द घातले आणि पुढे ते रूढ झाले. नॉर्मन मानसशास्त्राचे प्राध्यापक होते, हे लक्षात ठेवा. कारण मुलीला लॅपटॉपवर रंगीत बटणं काढताना बघून हेच शिक्षण असं वाटतं. फिग्मा, म्हणजे ती बटणं काढायचं सॉफ्टवेअर, मी दीड महिन्यात शिकले. तुमची मुलगीही शिकेल, त्यासाठी कॉलेज लागत नाही.

माझं कॉलेज म्हणजे पवईची आयडीसी, आयआयटी मुंबईत १९६९ साली सुरू झालेलं इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर. तिथे पहिल्या वर्षी आमच्या गटाला विषय मिळाला: मोठ्या सरकारी रुग्णालयात नव्या पेशंटला त्याच्या डॉक्टरपर्यंत पोचवायचं कसं? आम्ही आठवड्यात ॲप काढून मोकळे झालो. निळा रंग, नकाशा, नकाशावर चालणारा ठिपका. सरांनी विचारलं, ‘किती पेशंट बघितलेत?’ एकही नाही. ‘मग जा. पहिले दोन दिवस कोणाला काही विचारू नका. नुसतं बघा.’

रीतसर परवानगी काढून ओपीडीच्या बोळात, वॉचमनच्या स्टुलाशेजारी मी उभी राहिले. पहिला तासभर गर्दीच दिसत होती. मग एक आजोबा आले. केसपेपर चार घड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत. एका हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, दुसऱ्या हाताने आजींना धरलेलं. खिशात बटणांचा फोन होता, पण तो काढायला हात कुठे मोकळा होता? डोक्यावर पाटी होती, इंग्रजी मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक मराठी: अस्थिव्यंगोपचार विभाग. आजोबांनी ती वाचली. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले, शब्द पूर्ण वाचला त्यांनी. आणि मग वळून वॉचमनला विचारलं, ‘हाडाचे डॉक्टर कुठं बसतात हो?’

वॉचमन म्हणाला, ‘लिफ्टच्या पुढे जा, गणपतीचा फोटो दिसेल, तिथून डावीकडे.’

त्या सकाळी त्याच्या तोंडून खोलीचा नंबर एकदाही आला नाही. वहीत मी रेघा मारत होते, हाडाचे डॉक्टर विचारणाऱ्याची एक रेघ. जेवायच्या सुट्टीपर्यंत पान भरलं. आजोबांना वाचता येत होतं, पाटी मराठीत होती, जागाही बरोबर होती, तरी ती त्यांच्याशी बोलतच नव्हती. मला हे कोणी व्याख्यानात सांगितलं असतं तर मी मान डोलावून विसरले असते.

आमचा ठिपक्याचा नकाशा गेला. त्याजागी केसपेपरला जोडायची चिठ्ठी आली, वर ‘हाडाचे डॉक्टर’ आणि खाली चित्रं. पहिली चिठ्ठी फसली, कारण आम्ही वाट छतावरून दिसावी तशी काढली होती आणि लोक हातातला कागद फिरवत राहिले. दुसरीत चालताना जे जसं दिसतं तसं एकाखाली एक काढलं: लिफ्ट, गणपती, डावा हात. ती चालली. ज्युरीत, म्हणजे काम तपासायच्या बैठकीत, बाहेरून आलेल्या एका मॅडमनी विचारलं, ‘रंगकामात फोटो हलवला तर?’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुन्हा रुग्णालयात. चुकायला, परत जायला आणि कोणीतरी नेमका प्रश्न विचारायला वेळ लागतो, माझी दोन वर्षं त्यात गेली. चार महिन्यांत त्यासाठी जागाच नसते.

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. स्वरचक्र हा फोनवरचा कीबोर्ड आयडीसीतच तयार झाला. त्यात अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत. क वर बोट ठेवलं की भोवती गोल चक्र उमटतं, का कि की कु कू, हव्या त्या बाजूला बोट सरकवलं की झालं. माझी आई एबीसीडीच्या कीबोर्डवर एकेक अक्षर हुडकायची आणि शेवटी कंटाळून अंगठा पाठवायची. चक्र मिळाल्यावर तिने मावशीला पुरणपोळीची अख्खी कृती लिहून पाठवली. बाराखडी तिला शाळेपासून पाठ होती, कोणीतरी फोनला ती शिकवली. तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जो मंगल फॉन्ट दिसतो, तो कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा, तेही आयडीसीतच शिकवायचे. आपल्या भाषेत, आपल्या माणसांसाठी इतकं बारकाईने काम होऊ शकतं, हे तिथे पदोपदी दिसत असे. या कामावर माझा जीव बसला तो त्यामुळे.

आता व्यवहाराचं. पदवीनंतर जायचं तर सीड, बारावीनंतर यूसीड, दोन्ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. स्केचिंग असतं, पण चित्रकलेत बक्षिसं मिळवलेली असावी लागत नाहीत. मनातलं कागदावर समोरच्याला कळेल असं उतरलं पाहिजे.

तिला आठवडाभर रोज एक तास एकाच जागी उभं राहायला सांगा. स्टेशनाबाहेरचा रिक्षा स्टँड चालेल, रेशनचं दुकान चालेल. मोबाइल पिशवीत, हातात वही. तिसऱ्या दिवशी कंटाळली तर ऑनलाइन कोर्स घ्या, त्यातही चांगली नोकरी मिळते. वही भरली तर रविवारी दोघी या माझ्याकडे, येताना वही आणा.